पाचवीचा कोरा कागद

माझ्या चुलतभावाची पाचवी मला लख्ख आठवते. मी तेव्हा आठ वर्षांची होते. काकूचं हे दुसरं बाळंतपण, म्हणून ते आमच्याच घरी होतं. माजघरात पाटा मांडलेला, त्यावर वरवंटा, हळदकुंकू, कणकेचा दिवा, आणि बाजूला वहीतून फाडलेला एक कागद, त्यावर आडवं ठेवलेलं शाईचं पेन. रात्री सटवाई येते आणि बाळाचं अवघं आयुष्य लिहून जाते, असं आजीनं सांगितलं होतं. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून मी तो कागद पाहिला. कोरा. उलटून पाहिला, दिव्यापुढे धरून पाहिला. आजी मागे येऊन उभी राहिली होती. म्हणाली, "कागदावर नाही गं बाई, ती कपाळावर लिहिते. आपल्याला दिसत नाही ते." मग मी बाळाच्या कपाळाकडे बराच वेळ बघत बसले. तिथे बारीक लव होती आणि काजळाची तीट.

बाळाचे वडील, म्हणजे माझे धाकटे काका, त्या रात्री घरी नव्हते. उजाडल्यावर दोन माणसांनी त्यांना धरून आणलं. काकूनं भिंतीकडे तोंड केलं. आजीनं काकांच्या चपला काढल्या, तोंडावर पाणी मारलं आणि कोणाकडेही न बघता म्हणाली, "त्याच्या पाचवीलाच पुजलंय ते. तो तरी काय करणार?"

पुढची वीस वर्षं आमच्या घरात काकांच्या दारूबद्दल दोन-तीनच वाक्यं बोलली जायची. आजीचं हे एक. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही," हे थोरल्या आत्याचं. आणि आजोबांचे भाऊही प्यायचे, म्हणून "रक्तातच आहे," हे सगळ्यांचं. आजीचं वाक्य मायेपोटी होतं, हे मला तेव्हाही कळायचं. ती लेकावरचा दोष उचलून सटवाईच्या पदरात टाकत होती. पण मोठी झाल्यावर दिसायला लागलं की काकाही तेच वाक्य वापरतात. काकू रडायला लागली की म्हणायचे, "माझ्या हातात काय आहे? लिहिलंय तसं होणार." दोष उतरला होता खरा. त्याच्याबरोबर उद्याचा दिवसही हातातून गेला होता.

हे सगळं मागे पडलं होतं. मग काही वर्षांपूर्वी दुसऱ्याच कारणानं मी आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांचं वाचन सुरू केलं, आणि सुमारे १८०० वर्षांपूर्वीच्या एका वादात थेट आमच्या माजघरातली वाक्यं ऐकू यायला लागली.

त्या काळात ख्रिस्ती मंडळी कुठेही सत्तेवर नव्हती. रोमन साम्राज्यातल्या शहरांत कुणाच्या तरी घरी जमणारे लहान लहान गट, त्यांत कारागीर, व्यापारी, गुलाम, विधवा. त्यांच्यामध्येच एक विचार पसरत होता, ज्याला आज आपण ग्नॉस्टिक मत म्हणतो. ग्रीक 'ग्नोसिस' आणि आपलं 'ज्ञान' हे शब्द एकाच मुळातून आलेले आहेत. म्हणून मराठी कानाला तो शब्द दूरच्या नातेवाइकासारखा वाटतो.

या मंडळींचा प्रश्न साधा आणि खरा होता. जगात इतकं दुःख आहे, इतका अन्याय आहे. मग हे जग चांगल्या देवानं केलंच कसं? त्यांचं उत्तर होतं की नाहीच केलं. परमपिता कुठेतरी पार वर आहे आणि हे जग घडवलं ते खालच्या एका अज्ञानी कारागीर-देवानं. ग्रहतारे त्याचे पहारेकरी आणि नियती ही त्यांची साखळी. मात्र काही माणसांच्या आत वरच्या उजेडाची ठिणगी अडकून पडली आहे. तिला तिचं घर आठवलं, की सुटका. थिओडोटस नावाच्या अशा एका शिक्षकाच्या मतांची टिपणं इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती शिक्षकानं काढून ठेवली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. आपण कोण होतो, काय झालो, कुठे होतो, कुठे फेकले गेलो, कुठे धावतो आहोत, कशातून सुटतो आहोत, हे कळणं म्हणजे मुक्ती, असं त्यांत आहे. आणि तिथेच म्हटलंय की बाप्तिस्म्यापर्यंत, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेच्या स्नानापर्यंत, नियती खरी असते; त्यानंतर ज्योतिषी खरं बोलत नाहीत.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. ज्याचा जन्मच दुसऱ्याच्या मालकीत झाला, त्या गुलामाला "आजपासून तुझी पत्रिका तुला लागू नाही" हे शब्द कसे वाटले असतील? ग्नॉस्टिकांकडे मी तुच्छतेनं बघू शकत नाही. ते दुखावलेले लोक होते आणि त्यांनी दुःखाला खोटं नाव दिलं नाही.

पण याच मताची दुसरी बाजू होती. व्हॅलेंटिनस हा त्यांच्यातला सर्वांत बुद्धिमान शिक्षक. इसवी सन १४० च्या आसपास तो रोममध्ये होता. त्याला बिशप, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती सभेचा प्रमुख, व्हायची आशा होती, असं टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकानं नोंदवलंय. त्याच्या अनुयायांनी माणसांचे तीन प्रकार सांगितले: आत्म्याचे, जिवाचे आणि मातीचे. आदामाचे तीन मुलगे, सेथ, हाबेल आणि काइन, हे या तिघांचे नमुने. आत्म्याचे जे आहेत ते स्वभावतःच तरलेले. जिवाच्या माणसांनी, म्हणजे सभेतल्या साध्या ख्रिस्ती लोकांनी, श्रद्धा ठेवावी, सत्कर्म करावं, मग त्यांना मधली जागा मिळेल. मातीचे ते मातीत जाणार. त्यांच्यासाठी काही करण्यासारखं नाही. आणि यासाठी त्यांच्याकडे एक सुंदर उपमा होती. सोनं चिखलात पडलं तरी सोनंच राहतं, चिखल त्याचं काही बिघडवू शकत नाही, तसे आम्ही.

जन्मानंच ठरलेले माणसांचे प्रकार म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. विहीर कुणाची, ओसरीवर कोण बसणार, अंगणातच कोण थांबणार, हे आमच्या गावात माझ्या डोळ्यांदेखत ठरत होतं. व्हॅलेंटिनसचे तीन प्रकार म्हणजे जात नव्हे. त्यांचा धंद्याशी किंवा लग्नाशी संबंध नव्हता, एकाच घरात तिन्ही प्रकार असू शकत होते. तरी "तो मुळातच तसला" हे वाक्य कोणत्याही भाषेत बोललं तरी माणसाकडे बघण्याची नजर एकच होते, आणि ती मला ओळखीची आहे.

या सगळ्याला सविस्तर उत्तर दिलं ते आयरेनिअसनं. तो मूळचा स्मिर्नाकडचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरकडचा. लहानपणी त्यानं तिथल्या वृद्ध बिशपला, पॉलिकार्पला, ऐकलं होतं. पुढे तो आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहराचा बिशप झाला आणि १८० च्या सुमारास त्यानं ग्नॉस्टिक मतांविरुद्ध पाच भागांचा ग्रंथ लिहिला. मूळ ग्रीकचे आज तुकडेच उरलेत, पूर्ण ग्रंथ लॅटिन भाषांतरात आहे. ग्रंथ दमवणारा आहे, हे खरं. पहिल्या भागात विरोधी मतांची इतकी लांब वंशावळ येते की चारदा वाचून मी चारदा हरवले.

त्याच्यापर्यंत मला नेलं ते एका पत्रानं. फ्लोरिनस नावाच्या माणसाला लिहिलेलं हे पत्र युसेबियस या इतिहासकारानं आपल्या चर्चच्या इतिहासात उतरवून ठेवलंय. फ्लोरिनस पुढे ग्नॉस्टिक मताकडे गेला. आयरेनिअस त्याला लिहितो की मी लहान मुलगा होतो तेव्हा मी तुला पॉलिकार्पकडे पाहिलंय. तू तेव्हा दरबारात मानाच्या जागी होतास आणि त्या म्हाताऱ्याच्या मनात भरावं म्हणून धडपडत होतास. ते जिथे बसून बोलत ती जागा, त्यांचं येणं-जाणं, ते काय काय सांगत, हे मला कालच्यापेक्षा जास्त स्पष्ट आठवतं. देव हा वाइटाचा कर्ता नाही, हा त्या पत्राचा विषय. एकाच म्हाताऱ्याच्या पायाशी बसलेले दोघे. जगात वाईट कुठून आलं या प्रश्नावर त्यांची वाट फुटली. हे समजल्यावर तो ग्रंथ मला धर्मपंडिताची कोर्टातली फिर्याद वाटेनासा झाला. दुरावलेल्या माणसाला परत बोलावत असल्यासारखा वाटू लागला.

आयरेनिअसचा युक्तिवाद चौथ्या भागाच्या शेवटाकडे येतो. काही माणसं स्वभावानंच चांगली आणि काही स्वभावानंच वाईट घडवलेली असतील, तर चांगल्यांचं कौतुक कशाला? ती तशीच झालेली आहेत. आणि वाइटांना बोल तरी कशाला लावायचा? मग हे कर, ते करू नकोस, ऐक, मागे फीर, असं सांगण्यालाही अर्थ उरत नाही. देवानं माणसाला पहिल्यापासून मोकळं घडवलं, कारण देवापाशी जबरदस्ती नाही. यासाठी त्या काळचा ग्रीक शब्द होता 'आउतेक्सुसिओन'. स्वतःवरची स्वतःची सत्ता, असा त्याचा अर्थ. 'इच्छास्वातंत्र्य' या आपल्या पुस्तकी शब्दापेक्षा मला तो जास्त जवळचा वाटतो. इच्छा काय, काकांनाही दारू सोडायची इच्छा दर सोमवारी व्हायची. नव्हती ती स्वतःवरची सत्ता.

हा युक्तिवाद एकट्या आयरेनिअसचा नव्हता. त्याच्या आधी जस्टिननं, आजच्या नाब्लुसमध्ये जन्मलेल्या आणि रोममध्ये शिकवणाऱ्या तत्त्वज्ञानं, १५५ च्या सुमारास सम्राटाला लिहिलेल्या निवेदनात हेच मांडलं होतं. त्यातला एक मुद्दा मला फार साधा आणि पक्का वाटतो. तो म्हणतो, एकच माणूस एकदा एकीकडे आणि पुन्हा उलट दिशेला जाताना आपण बघतो. चांगलं किंवा वाईट असणं नियतीनंच ठरवलेलं असतं, तर त्याच्या हातून दोन्ही घडलं नसतं आणि तो इतक्यांदा बदलला नसता. त्यानं पुरावा पुस्तकातून आणला नाही. माणसं वळतात, एवढंच दाखवलं.

मग खरा कठीण प्रश्न येतो. देव चांगला आणि समर्थ आहे तर त्यानं माणूस पहिल्यापासून पूर्णच का नाही घडवला? चुकण्याची सोय ठेवलीच कशाला? आयरेनिअसचं उत्तर मला कोणत्याही तत्त्वज्ञानात इतक्या घरगुती भाषेत भेटलेलं नाही. आई तान्ह्या बाळाला मोठ्यांचं जेवण देऊ शकते, पण बाळाला ते घेता येत नाही. माणूस तान्हा आहे. त्याच्या लेखी आदाम हा पूर्णत्वावरून कोसळलेला राजपुत्र नव्हता. चालायला शिकताना पडलेलं पोर होता. वाढायला वेळ लागतो, आणि आधी माणूस व्हायचं, मग पुढचं.

आणि त्यानंतर ती मातीची उपमा. तू देवाला घडवत नाहीस, देव तुला घडवतो, असं तो म्हणतो. तर घडवणाऱ्या हाताची वाट बघ. तुझं काळीज त्याच्यापुढे मऊ ठेव, त्यात ओल राहू दे. ते कडक होऊन त्याच्या बोटांचे ठसे हरवू देऊ नकोस.

आमच्या गावच्या कुंभाराकडे मी लहानपणी तासन्‌तास बसायचे. चाकावरून मडकं उतरवल्यावर त्याच्या पोटावर बोटांच्या गोल रेघा दिसायच्या. ओल असेतो तो ते आतून दगड आणि बाहेरून थापी लावून हळूहळू फुगवत न्यायचा. एखादं वाकडं झालं तर मोडून पुन्हा गोळ्यात टाकायचा. मात्र उन्हात राहून तडकलेलं भांडं तो हातात घेऊन नुसतंच बघायचा आणि बाजूला ठेवायचा. चिखलातलं सोनं आणि ओली माती, या दोन उपमा समोरासमोर ठेवल्या की तो सगळा वाद माझ्या हाताला लागतो. सोन्याला काही करावं लागत नाही. त्याला चिखल लागत नाही, तसा हातही लागत नाही. मातीला मात्र सगळंच लागतं.

हे सगळं लिहिणारा माणूस नुसता बैठकीतला विचारवंत असता तर मी इतकी गुंतले नसते. इसवी सन १७७ मध्ये ल्योंमध्ये काय घडलं ते ठाऊक असल्याशिवाय त्याची पानं कळत नाहीत. मार्कस ऑरेलियस सम्राट असताना तिथल्या ख्रिस्ती लोकांवर जमाव उठला, धरपकड झाली. नव्वदी ओलांडलेले बिशप पोथिनस मारहाणीनंतर दोन दिवसांनी कोठडीतच वारले. ब्लांदिना नावाची एक गुलाम स्त्री होती. ती अंगानं इतकी किरकोळ की तिच्या मालकिणीलाच, जी स्वतःही पकडलेल्यांत होती, भीती वाटत होती की हिच्यानं टिकणं होणार नाही. छळणारे सकाळपासून संध्याकाळपर्यंत आळीपाळीनं दमले. ती म्हणत राहिली, मी ख्रिस्ती आहे, आमच्यात काही वाईट चालत नाही. वाचलेल्या मंडळींनी पूर्वेकडच्या बांधवांना सगळी हकिकत पत्रानं कळवली, म्हणून हे आज आपल्याला वाचता येतं. आयरेनिअस त्या वेळी याच मंडळींचं दुसरं पत्र घेऊन रोमला गेला होता. परतल्यावर पोथिनसांच्या जागी तो आला.

ब्लांदिनाची गोष्ट पुष्कळांनी सांगितली आहे. मला धरून ठेवते ती बिब्लिस.

पकडलेल्यांपैकी सुमारे दहा जणांनी पहिल्याच फेरीत श्रद्धा नाकारली. पत्र त्यांच्याविषयी शिवी देत नाही. त्यांचा गर्भ गळाला, असा शब्द वापरतं. बिब्लिस त्यांतली एक. नाकारून झालेलं होतं, ती मोडली होती. म्हणूनच तिला पुन्हा छळायला नेलं, की ही आता बाकीच्यांविरुद्ध हवं ते बोलेल; ख्रिस्ती लोक मुलं खातात असल्या ज्या अफवा होत्या त्यांना हीच दुजोरा देईल. आणि त्या छळातच, गाढ झोपेतून जाग आल्यासारखी, ती उलट बोलली. जे लोक जनावराचं रक्तसुद्धा खात नाहीत, ते मुलं कशी खातील? त्यानंतर तिनं स्वतःला ख्रिस्ती म्हटलं आणि हुतात्म्यांच्या रांगेत गेली. पत्रात पुढे असंही आहे की नाकारलेल्यांपैकी बहुतेक जण परत फिरले, आणि आईनं मेलेले म्हणून गमावलेले गर्भ तिला जिवंत मिळाले.

आता ही बाई कोणत्या प्रकारची? नाकारलं त्या दिवशी मातीची आणि बोलली त्या दिवशी आत्म्याची? आयरेनिअसच्या सभेत हा प्रश्न कागदावरचा नव्हता. घसरून परत आलेली माणसं, त्यांची मुलं, त्यांचे शेजारी समोर बसलेले होते. त्यांना "तुमचा स्वभाव ठरलेला आहे" असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

या वादात आपल्याला ओळखीची आणखी एक गोष्ट येते. अलेक्झांड्रियात बॅसिलिडीस नावाचा शिक्षक होऊन गेला, व्हॅलेंटिनसच्याही थोडा आधी. निरपराध हुतात्मे का भोगतात, यावर तो म्हणाला की या जन्मी नसेल तर आधीच्या जन्मी त्यांच्याकडून पाप घडलं असेल. देवाच्या योजनेला वाईट म्हणण्यापेक्षा मी दुसरं काहीही म्हणेन, हे त्याचे शब्द क्लेमेंटनं जपून ठेवलेत. काय पोटतिडिकीनं बोललाय तो! आणि शेवट मात्र तिथेच जातो, जिथे आपल्याकडे विधवेला आणि वांझ म्हटलेल्या बाईला "गेल्या जन्मीचं फेडतेयस" असं सांगितलं गेलं. क्लेमेंट त्याला विचारतो, जुन्या पापाची परतफेडच असेल, तर या माणसांच्या श्रद्धेचं काय उरलं?

ऑरिजेन, अलेक्झांड्रियाचाच ख्रिस्ती विचारवंत, या सगळ्यांत मोठ्या मेंदूचा. स्वातंत्र्यावरचं त्याचं प्रकरण मी इथे धावतं ओलांडते, कारण त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. इजिप्तचा राजा फारो याचं मन देवानंच कठोर केलं असं पवित्र ग्रंथात आहे, मग फारोचा दोष काय, हा ग्नॉस्टिकांचा आवडता पेच. ऑरिजेन म्हणाला, एकच सूर्य मेण वितळवतो आणि चिखल कडक करतो. पण माणसं इतक्या विषम परिस्थितीत का जन्मतात, यावर त्यालाही जिवांनी देहात येण्याआधी केलेल्या निवडीचा आधार घ्यावा लागला. जन्मोजन्मीच्या फेऱ्याला तो मान्यता देत नाही, तरी आपल्या वाचकाला तिथे उंबऱ्यापर्यंत आल्यासारखं वाटतं. चर्चनं पुढे, ५५३ मध्ये, या मताचा धिक्कार केला.

मला ज्याच्याशी खरंच बोलायला आवडलं असतं तो बार्देसान. एडेसाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या उर्फाचा. जन्म १५४, मृत्यू २२२. कवी होता, दरबारातला होता, आणि पुढच्या लोकांनी त्यालाही ग्नॉस्टिकांच्या पंगतीत बसवलं. त्याच्या शिष्यानं सिरियाक भाषेत लिहून ठेवलेल्या संवादात एक तरुण विचारतो, देवानं माणसाला चूक करताच येणार नाही असं का नाही घडवलं? बार्देसान म्हणतो, मग तो दुसऱ्याच्या हातातलं वाद्य झाला असता. वाजलं तर कौतुक वाजवणाऱ्याचं. ग्रहांवरून माणसाचं वागणं ठरतं, या मताला तो देशोदेशीचे रिवाज सांगून उत्तर देतो, आणि त्यात एकदम आपण येतो. हिंदुस्थानात हजारो ब्राह्मण आहेत. ते हत्या करत नाहीत, मांस खात नाहीत, मद्य पीत नाहीत. त्याच देशात, त्याच आकाशाखाली, हे सगळं करणारेही आहेत. ब्राह्मणांच्या पत्रिकेत मंगळ नसतो का? हिंदुस्थानातून रोमन सम्राटाकडे निघालेल्या वकिलातीतल्या लोकांना बार्देसान भेटला होता, असं ग्रीक तत्त्वज्ञ पॉर्फिरी सांगतो. त्याची माहिती हवेतली नव्हती.

तो तीन गोष्टी वेगळ्या करतो. निसर्ग: जन्म, वाढ, म्हातारपण, मरण. नियती: गरिबी, श्रीमंती, आजार. आणि मोकळेपण. निसर्ग आणि नियती यांना तो खोटं म्हणत नाही. त्या दोघींनी घेरलेल्या जागेत उरतं ते मोकळेपण, आणि ते लहान असलं तरी खरं. पुढे म्हणतो, आपल्याला जड दगड वाहायला सांगितलेलं नाही, ते फक्त बलवानाला जमतं. किल्ले बांधायला सांगितलेलं नाही, ते राजाला जमतं. जहाज हाकायलाही नाही. चोरी करू नको, खोटं बोलू नको, आणि दुसऱ्यानं आपल्याशी जसं वागावंसं वाटतं तसं वाग, एवढंच सांगितलंय. आणि हे गरिबाला जमतं, आजाऱ्याला जमतं, म्हाताऱ्याला जमतं.

इथे मला थांबावं लागतं. कारण काकांना ते जमत नव्हतं.

उत्तर आफ्रिकेतला पुढच्या काळातला बिशप ऑगस्टीन, त्याला हे माहीत होतं. तरुणपणी नऊ वर्षं तो मानी नावाच्या धर्मगुरूच्या पंथात होता. उजेड आणि अंधार अशी दोन मूळ तत्त्वं, आणि आपल्या आत दोघांची लढाई, असं हा पंथ मानायचा. आपल्या आत्मकथनात तो कबूल करतो की पाप मी करत नाही, माझ्यातलं दुसरंच काहीतरी करतं, असं वाटणं मला सुखावायचं. दोष आपला नाही या गोष्टीचा माझ्या अभिमानाला आनंद व्हायचा. वाचताना मला काकांचा आवाज ऐकू आला. तिथून बाहेर पडल्यावर त्यानं इच्छास्वातंत्र्यावर ग्रंथ लिहिला, ३८८ मध्ये सुरू केला आणि ३९५ पर्यंत पुरा केला. आणि पुढे तोच माणूस, माणसाला स्वतःच्या बळावर चांगलं होता येतं म्हणणाऱ्या पेलागियसशी भांडताना, म्हणू लागला की इच्छा एकटी पुरत नाही, ती स्वतःच बांधलेली आहे, देवाची कृपा हवी. त्याच्या उत्तरायुष्यातली काही मतं मला कठोर वाटतात, विशेषतः तारण्यासाठी काहींनाच निवडलंय हे. सोन्याची आणि मातीची वाटणी तिथे मागच्या दारानं परत आली, असं मला वाटतं. पण इच्छा बांधलेली असते हे त्याचं निरीक्षण मी आमच्या माजघरात पाहिलंय.

ग्नॉस्टिकांची बाजू मी इतका वेळ त्यांच्या विरोधकांच्या लेखणीतून सांगितली, हे बरोबर नाही. शेकडो वर्षं दुसरा मार्ग जवळजवळ नव्हताच. मग डिसेंबर १९४५ मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ शेतकऱ्यांना एक मातीचा रांजण सापडला, आणि त्यात कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या जुन्या, भाषेतल्या १३ पोथ्या. एका पोथीच्या बांधणीत भरलेल्या रद्दी पपायरसवर ३४० नंतरच्या दशकातल्या तारखा आहेत. आज त्या पोथ्या कैरोच्या कॉप्टिक संग्रहालयात आहेत. त्यांतल्या एका व्हॅलेंटिनीय ग्रंथात माणसांचे तेच तीन प्रकार येतात. पण तिथे म्हटलंय की हे प्रकार आधी कुणालाच ठाऊक नव्हते. तारणारा आला तेव्हा त्याला कोण कसं सामोरं गेलं, यावरून ते उघड झाले. झाड फळावरून ओळखावं तसे. म्हणजे कपाळावर आधीच लिहिलेलं नव्हतं? की लिहिलेलं होतं आणि नंतर वाचता आलं? अभ्यासकांमध्ये यावर वाद आहे. माझा कल पहिल्याकडे आहे. आयरेनिअसनं विरोधकांना थोडं जास्तच कडक करून दाखवलं असावं, असं मला वाटतं.

आणि त्याच्या बाजूचाही पुढे गैरवापर झाला. तू मोकळा होतास, तूच निवडलंस, मग भोग आता, हे वाक्य सत्तेवर आलेल्या धर्माच्या तोंडी फार भीषण ऐकू येतं. आमच्या घरात ते माझे वडील बोलायचे. "मनात आणलं तर उद्या सोडेल तो, त्याला सोडायचीच नाही." आजी सगळा दोष काढून घ्यायची आणि वडील सगळा दोष ठेवून द्यायचे, काका दोघांच्या मध्ये भिंतीला टेकून बसलेले असायचे.

एकावन्नाव्या वर्षी काका, कुणी सांगितलं म्हणून नव्हे, एका संध्याकाळी एका सभेला जाऊन बसले. दारू सोडू पाहणारी माणसं तिथे जमायची. तिथलं पहिलंच वाक्य होतं: दारूपुढे आपण हतबल आहोत. काका मला नंतर म्हणाले, "अगं, मी वीस वर्षं हेच तर म्हणत होतो." मी विचारलं, "मग फरक काय पडला काका?" बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "घरी मी ते म्हणायचो आणि झोपायचो. तिथे म्हटलं आणि शेजारच्यानं हात धरला." आयरेनिअसची ओली माती मला त्या दिवशी समजली. माती स्वतःला घडवत नाही. तिला ओल धरून राहता येतं, आणि काकांनी तेवढं केलं होतं.

काका जाऊन आता चार वर्षं झाली, दारूनं नाही. काकूनं मला त्यांच्या खोलीतली जुनी कॅलेंडरं दाखवली. खिळ्याला एकावर एक तशीच अडकवून ठेवलेली. सभेला जायला लागल्यापासून रोज झोपताना ते त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलीनं एक ठिपका द्यायचे. पानांमागून पानं ठिपके. तिसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये नऊ तारखेला ठिपका नाही. दहा, अकरा, बारा, नाही. एकोणीसपर्यंत चौकटी रिकाम्या. वीस तारखेला पुन्हा ठिपका आहे. मी पान उलटलं, तर सप्टेंबरच्या कागदावरही तिथे खळगा पडला होता, इतकी पेन्सिल दाबली होती. मी त्यावरून बोट फिरवलं.